कसं काढलं, ते सांग

शमीम मॅडमसमोर कोणी "या पोरांना गणित जमत नाही" असं म्हटलं, की त्या आधी त्या माणसाला बसायला खुर्ची द्यायच्या. मग स्वतः समोर उभ्या राहायच्या, दोन्ही हात कमरेवर, आणि विचारायच्या, "कोणतं नाही जमत?"

माणूस गडबडायचा. "कोणतं म्हणजे? गणित."

"गणित म्हंजे लय मोठं हाये, भाऊ. त्यातलं कोणतं? मोजणं नाही जमत, का मिळवणं नाही जमत, का वाटणं नाही जमत? बसून पाह्यलं कधी?"

पाहिलेलं नसायचं. त्या खुर्चीवर मी गावचे पुढारी बसलेले पाहिले, पाहणीला आलेले साहेब पाहिले, एक मोठे कीर्तनकारही पाहिले. सगळ्यात आधी मात्र बसलो होतो मी.

झरी जामणीच्या जंगलातल्या एका पोडावर आमची जिल्हा परिषदेची शाळा होती. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. दोन खोल्या, समोर ओसरी, मागे पळसाची झाडं आणि त्यामागे थेट जंगल. पहिली ते चौथीचे वर्ग आणि दोन शिक्षक. मी मुख्याध्यापक होतो, म्हणजे दोघांतला वयाने मोठा. माझ्याबरोबर आजवर जे जे आले, ते बदलीची वाट पाहत आले आणि बदली होताच गेले. त्यामुळे जूनमध्ये नव्या मॅडम रुजू झाल्या तेव्हा मी त्यांना पहिल्याच दिवशी धीर द्यावा म्हणून म्हणालो, "इथं जास्त अपेक्षा ठेवू नका, मॅडम. लेकरं गोड आहेत, पण घरी कोलामी बोलतात. भाषा तरी कशीबशी येते, गणित काही यांना जमत नाही."

तेव्हा ती खुर्ची मला मिळाली.

मारेगावच्या बसस्टँडजवळ त्यांच्या वडिलांचं गॅरेज होतं. चार भावंडांत या थोरल्या. अभ्यास गॅरेजातच, हातोड्याच्या ठोक्यांत केलेला, म्हणून आवाज कायम मोठा. शेजारी बसलेल्या माणसाशीही रस्त्यापलीकडच्याशी बोलावं तसं बोलायच्या. एक जुनी स्कूटर होती. वडिलांनी तीन मेलेल्या स्कूटरींतून एक जिवंत केली होती, असं त्या सांगायच्या. ती रोज घाटाच्या चढावर बंद पडायची आणि रोज त्या तिला शिव्या द्यायच्या, हिंदीतून. "घरात हिंदी, बाजारात वऱ्हाडी, पुस्तकात मराठी," असं त्यांचं भाषेचं वेळापत्रक होतं. ओढणी कमरेला खोचलेली, पर्समध्ये बडीशेपेची डबी. लाल पेन कधी वापरला नाही. "लाल पाह्यलं का लेकराले वाटते आपल्याले लागलं," म्हणायच्या.

पहिल्या दिवशी स्कूटरच्या पायरीवर एक गोणी होती. उचलायला गेलो तर हलेना. मला वाटलं, भांडी असतील. ओसरीवर ती ओतली तेव्हा खणखणाट झाला आणि दोन्ही वर्गांतली पोरं बाहेर धावली. बोटभर लांबीचे बोल्ट, नट, आणि वायसरांचा, म्हणजे वॉशरच्या चकत्यांचा, ढीग. सगळं रॉकेलने धुऊन, पुसून चकचकीत केलेलं.

"हे काय, मॅडम?"

"दशक अन् एकक," त्या म्हणाल्या.

त्या बोल्टात बरोबर दहा वायसर मावायचे, अकरावा घातला तर नट लागत नसे. दहा झाले की नट आवळायचा, की झाला एक दशक. सुटे वायसर ते एकक. वडिलांच्या गॅरेजात बसून त्यांनी तसे बोल्ट निवडून काढले होते.

आमच्याकडे सोमा नावाचा एक मुलगा होता, तिसरीतला, काळासावळा, सदा नाक ओढणारा. बेचाळीसातून सतरा वजा कर म्हटलं की तो पस्तीस लिहायचा. मी वर्षभर त्यावर फुली मारत होतो. मॅडमनी फुली मारली नाही. त्याच्याजवळ मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "कसं काढलं, ते सांग."

सोमा बावरला. त्याला आजवर उत्तर काय ते सगळ्यांनी विचारलं होतं, हे कोणी विचारलं नव्हतं. मग पाटीवरच्या आकड्यांवर बोट ठेवत म्हणाला, "सातातून दोन गेले, पाच. चारातून एक गेला, तीन."

"बरं. लहान आकडा मोठ्यातून काढला तू. डोकं लावलं." मग त्यांनी त्याच्या पुढ्यात चार बोल्ट आणि दोन सुटे वायसर ठेवले. "हे तुहे बेचाळीस. आता मले सतरा दे."

सोमाने एक बोल्ट उचलून दिला. मग सुट्यांकडे पाहिलं. दोनच होते. द्यायचे होते सात. त्याने हातातले वायसर पालथे घालून पाहिले, जणू खाली आणखी निघतील. शेवटी एका बोल्टाच्या नटावर बोट ठेवून विचारलं, "खोलू?"

"तुहे हायेत. मले काहून विचारतं?"

त्याने नट फिरवला. दहा वायसर ओसरीवर घरंगळले, ते गोळा केले, त्यातून सात मोजून दिले. पुढ्यात उरलेले पाहिले. दोन बोल्ट, पाच वायसर. मग कोणी न सांगता त्याने पाटीवर थुंकी लावली आणि पस्तीस पुसून टाकले.

मॅडम उठून माझ्याकडे आल्या. "हातचा घे, हातचा घे, म्हणतो आपण, सर. पण लेकराच्या हातात आजवर देलं काय आपण?"

हे त्या टोचून बोलल्या नव्हत्या. त्यांना खरंच प्रश्न पडला होता, आणि राग आला होता. त्यांचा राग मुलांवर कधी नसायचा. तो पुस्तकावर असायचा, फळ्यावर असायचा, पाढ्यांच्या तक्त्यावर असायचा, आणि मोठ्या माणसांवर तर फारच.

एकदा तो मराठी भाषेवर निघाला. मुलं त्रेचाळीस म्हटलं की चौतीस लिहीत. मी म्हटलं, यांचं लक्ष नसतं. मॅडम म्हणाल्या, "लक्ष हाये, म्हणूनच चुकते. आपण आधी 'त्रे' म्हणतो, मंग चाळीस. लेकरू ऐकते तसं आधी तीन लिहिते. लेकराचं चुकलं का आपल्या बोलीचं?"

त्यांनी वर्गात जाहीर केलं की प्रत्येक आकड्याला दोन नावं असतात. पोडावर प्रत्येक पोराला असतात तशी, एक घरचं, एक शाळेतलं. घरचं नाव 'चार दहा तीन' आणि शाळेतलं 'त्रेचाळीस'. आठवडाभर सगळ्यांनी फक्त घरच्या नावाने हाक मारायची. पोरं रस्त्याने, नाल्यावर, जेवताना तेच. "म्याडम, भात सहा दहा दोन शितं सांडला," असलं काहीही. ओळख घट्ट झाल्यावर मग एकेका आकड्याचं शाळेत नाव घातलं. चौतीसाचा आणि त्रेचाळीसाचा घोळ पुन्हा क्वचितच झाला.

याच खेळात लक्ष्मी बोलायला लागली. लक्ष्मी ही तेव्हा तिसरीतली कोलाम मुलगी. शाळेत यायची, बसायची, जायची. आवाज कोणी ऐकला नव्हता. एके दिवशी मॅडमनी तिला विचारलं, "आकड्याचं मह्या घरी एक नाव हाये, सरायच्या घरी एक हाये. तुह्या घरी काय म्हणते?" लक्ष्मीने मान खाली घालून दोनला 'इंदिंग' म्हटलं, तीनला 'मुंदिंग'. मॅडमनी म्हणून पाहिलं, चुकीचं म्हटलं. लक्ष्मी हसली आणि तिने त्यांना दुरुस्त केलं. त्यानंतर मॅडम तिच्याकडून रोज शिकायच्या आणि रोज थोडं चुकायच्या. मुद्दाम चुकत होत्या की खरोखर, ते मला कळलं नाही.

एकोणतीस काही केल्या लेकरांच्या गळी उतरत नव्हता. नऊ कुठे ऐकूच येत नाही त्यात. एका सकाळी मॅडमनी सगळ्या पोरांना अंगणात दहा-दहाच्या तीन ओळींत बसवलं. एक मुलगी तापाने घरी होती, शेवटच्या ओळीत एक जागा रिकामी राहिली. त्या जागेवर त्यांनी पाटी ठेवली आणि विचारलं, "कितीक बसले?" पोरं बोटाने ओळी मोजू लागली. लक्ष्मी म्हणाली, "तीस. पण एक नाही."

"बस. 'तीस, पण एक नाही', हेच एकोणतीस. अन् चाळीस, पण एक नाही?"

साऱ्या अंगणाने ओरडून उत्तर दिलं.

पोडावर नवा सिमेंटचा रस्ता झाला तेव्हाचं प्रकरण तालुक्यापर्यंत गेलं. शाळेच्या दारापासून हापशीपर्यंत गुळगुळीत, पांढराशुभ्र रस्ता. काम उपसरपंच गुलाबरावांनी करवून घेतलं होतं आणि उद्घाटनाला कोणी मोठा माणूस यायचा होता. त्याआधीच मॅडमनी वडिलांच्या गॅरेजातून उरलासुरला निळा रंग आणला आणि मुलांना घेऊन रस्त्यावर आकडे काढले. शाळेच्या दारात शून्य, मग एकेका पावलावर एक, दोन, तीन, थेट हापशीपर्यंत. पोरं त्यावर उड्या मारायची. आठवर उभा राहा, पाच पुढे जा, कुठे आला? आता सात मागे ये. बायका पाण्याला जाताना थांबून पाहायच्या. म्हाताऱ्या आकड्यांवर पाय पडू नये म्हणून बाजूने चालायच्या. मॅडम त्यांनाही ओढून आकड्यांवर आणायच्या.

गुलाबराव आले ते गाडीवरून उतरायच्या आधीच बोलू लागले. "म्याडम, हे काय करून ठेवलं? शाळेत भिंती नाही काय तुमच्या?"

"भिंतीवर चालता येत नाही, भाऊ."

"सरकारी रस्ता हाये हा."

"लेकरं बी सरकारी शाळेतलेच हायेत. रस्ता लोकायच्या पायासाठी केला ना? मंग पायानंच शिकून राह्यलेत."

"उद्या साहेब येईन. पुसून टाका सारं."

मॅडमनी कोपऱ्यातली बादली उचलली, त्यांच्यापुढे ठेवली. "मी नाही पुसत. तुमाले पुसाचं असन तर पुसा. पण शून्यापासून सुरू करा, मंग कितीक राहिले ते लेकरं सांगतीन तुमाले."

मुलं हसली नाहीत. ती रस्त्यावर आपापल्या आकड्यावर उभी होती आणि कोणी जागा सोडली नाही. गुलाबराव थोडा वेळ बादलीकडे पाहत राहिले आणि निघून गेले. तक्रार मात्र केली. मला तालुक्याला जाऊन दोनदा खुलासा द्यावा लागला. आकडे राहिले. पुढे महिन्याभरात पोडावर पत्ता सांगायची तीच रीत झाली. कोणी कोणाचं घर विचारलं की "बारावर डाव्या अंगाला" असं उत्तर यायचं. आणि गुलाबराव स्वतः पाहुण्यांना फोनवर सांगताना मी ऐकले, "सरळ या, अठ्ठावीसवर आपलं घर."

त्याच रस्त्यावर एकदा एका पोरीने शून्यावर उभं राहून विचारलं, "म्याडम, आता याच्याबी मागं गेलो तर?" ते चौथीच्या पुस्तकात नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "चाल, जाऊन पाहू," आणि सगळी वरात शून्याच्या मागे, शाळेच्या आत शिरली. मी शिकवत होतो. माझ्या वर्गातून ती वरात गेली, मागच्या दाराने पळसाखाली पोचली. तिथे त्यांनी मातीत काडीने रेघा मारल्या आणि शून्याच्या मागचे आकडे मांडले. माझा तास गेला. मी तक्रार केली तर म्हणाल्या, "सर, तुमचा वर्ग उणे दोनवर येते, त्याले मी काय करू?"

त्या सोप्या बाई नव्हत्या. कागदपत्रं कधी वेळेवर नाहीत, ती मी भरायची. मोठ्यांशी बोलताना जीभ आवरायची नाही. कोणी साहेब आला तर वर्ग सोडून उठून सामोरं जाणं त्यांना माहीत नव्हतं. आणि स्वतःची चूक दाखवलेली त्यांनाही आवडायची नाही. एकदा फळ्यावर गुणाकारात त्या चुकल्या आणि सोमाने ते सांगितलं. "बस खाली," असं त्या फटकन म्हणाल्या. मधल्या सुट्टीत खिचडीची ताटली घेऊन त्या त्याच्याजवळ जाऊन बसल्या. "तुहं बरोबर होतं. मी चिडली. मले आवडलं नाही, म्हणून चिडली. आता सांग, तुले कसं दिसलं ते?" सोमाने खिचडी खात खात सांगितलं.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात ती तपासणी झाली.

जिल्ह्यावरून एक साहेब आले होते. नाव सांगत नाही, माणूस वाईट नव्हता. दिवसाला अनेक शाळा उरकायच्या, म्हणून घाईत होते. माझ्या वर्गात कविता ऐकल्या, मान डोलावली. मग मॅडमच्या वर्गात गेले. मुलं जमिनीवर गटागटाने बसून उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या तेंदूच्या, म्हणजे विडीच्या, पानांचे पुडके बांधत होती. पोडावरची लेकरं हंगामात आईबापांबरोबर ही पानं बांधतात, म्हणून मॅडम भागाकार पुडक्यांवर शिकवायच्या. एवढी पानं, इतक्यांचा एक पुडका, किती पुडके, किती उरली. वर्गात गोंगाट होता.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"भागाकार," मॅडम म्हणाल्या, बसल्या जागेवरून.

साहेबांनी भिंतीवर पाहिलं. पाढ्यांचा तक्ता नव्हता. समोर लक्ष्मी होती. तिला उभं केलं. "सतराचा पाढा येतो?"

लक्ष्मीने नकारार्थी मान हलवली.

"बरं, सतरा आठे किती?"

लक्ष्मीने डोळे मिटले. तिला विचार करताना डोळे मिटायची सवय होती. मग हळू म्हणाली, "दहा आठ ऐंशी. सात आठ..."

"असं नाही," साहेब म्हणाले. "पाढा म्हण. सतरा एके सतरा. म्हण."

"सात आठ..."

"पाढा विचारला मी. सतरा एके?"

लक्ष्मीने डोळे उघडले. मॅडमकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं.

मॅडम उठल्या. "साहेब, तिले पुरं करू द्या."

"मॅडम, मी तुम्हाला विचारलेलं नाही."

"पण वर्ग महा हाये. इथं कोणी सांगत असन तर मधात तोडत नाही आम्ही. तुमी तोडलं."

"चौथीच्या मुलीला सतराचा पाढा येत नाही, आणि तुम्ही मला शिकवताय?"

"पाढा पाठ नाही तिचा. गुणाकार येते तिले. ते ऐकाले तुमाले टाइम पाहिजे, तो नाही तुमच्यापाशी."

मी मध्ये पडायचा प्रयत्न केला, पण मॅडमनी हाताने मला थांबवलं. साहेबांनी लक्ष्मीला पुन्हा विचारलं. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते ती पुसतही नव्हती. साहेबांनी शेरा लिहिला, गणितात वर्ग असमाधानकारक, शिक्षिकेचं वर्तन उद्धट. गाडी निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून लक्ष्मी शाळेत येईना.

वेचणीचे दिवस होते, म्हणून आधी वाटलं, कापसाला जात असेल. मॅडमनी तिच्या घरी विचारलं. आई म्हणाली, "शाळेत जाचं नाही म्हणते. मले येत नाही, म्हणते." त्या दिवशी मॅडम माझ्याकडे आल्या आणि दुपारनंतरची रजा मागितली. मी विचारलं, कुठे जाता? म्हणाल्या, "वेचाले."

मी वर्ग सोडून जाऊ शकत नव्हतो. जे झालं ते मला लक्ष्मीच्या आईने नंतर सांगितलं. मॅडम शेतात गेल्या, ओढणी पोटाला बांधून तिचीच ओटी केली आणि लक्ष्मीच्या शेजारच्या ओळीत कापूस वेचू लागल्या. शाळेचं नावही काढलं नाही. वेचता येत नव्हतं, बोटं बोंडाच्या टोकांनी सोलली. लक्ष्मी आपली ओळ संपवून पुढे जायची आणि मग थांबून राहायची. ऊन कलल्यावर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आईशेजारी बसून दोघी पाणी प्यायल्या. तेव्हा मॅडम म्हणाल्या, "त्या दिवशी तुहं अर्धंच राहिलं. मले ऐकाचं होतं."

लक्ष्मी ओटीतल्या कापसातला काडीकचरा निवडू लागली.

"दहा आठ ऐंशी म्हणली तू. तिथं तोडलं त्यानं."

लक्ष्मीने हात थांबवला आणि डोळे मिटले. "सात आठ छप्पन. ऐंशी अन् छप्पन." मग थांबली. "ऐंशी अन् वीस शंभर. छप्पनातले छत्तीस उरले. एकशे छत्तीस."

आई म्हणाली, म्याडमनी शाबासकी दिली नाही, काही नाही. नुसती तिच्या पाठीवर हात ठेवून बसली, आणि मग आम्हाला सोडून म्याडमच रडली.

लक्ष्मी दोन दिवसांनी शाळेत आली.

शेऱ्याचं प्रकरण मिटलं नाही. मॅडमना सुनावणीला बोलावलं. मुख्याध्यापक म्हणून मलाही जावं लागलं. यवतमाळच्या त्या कार्यालयात साहेब होते, त्यांचे वरिष्ठ होते आणि पंखा होता, त्याच्या खडखडाटात सगळं मोठ्याने बोलावं लागत होतं. मॅडमना ती अडचण नव्हती.

वरिष्ठ समजूतदार होते. म्हणाले, "हे बघा, तुमचं शिकवणं चांगलं आहे असं तुमचे मुख्याध्यापक सांगतात. वाद वाढवू नका. दोन ओळींची माफी लिहून द्या, विषय संपला."

मी मॅडमकडे पाहून मान हलवली. वाटत होतं, द्या लिहून. दोन ओळी तर आहेत.

मॅडम म्हणाल्या, "माफी मागतो मी. पण साहेबाले नाही. त्या पोरीले. मी तिले लय उशिरा वाचवलं. पहिल्या वेळी तोडलं तेव्हाच उठाले पाहिजे होतं, मी दुसऱ्या वेळी उठली."

"मॅडम, विषय तुमच्या वर्तनाचा आहे."

"मही वागणूक हीच राहीन, सर. उद्या पुन्हा कोणी येऊन लेकराचं बोलणं तोडलं, तर मी पुन्हा उठीन. हे लिहून पाहिजे असन तर देतो."

साहेब खाली पाहत होते. मला त्या क्षणी त्यांचीही थोडी कीव आली, कारण तेही कोणाच्या तरी घाईत अडकलेले होते. पण मॅडमना कीव आली नाही, आणि आता विचार केला की वाटतं, ते बरंच झालं.

वेतनवाढ थांबली. आणि उन्हाळ्यात बदलीचा आदेश आला. यवतमाळच्या लोहाऱ्याला, एमआयडीसीलगतच्या शाळेत. तालुक्यातले लोक मला म्हणाले, "शिक्षा कायची? शहरात गेल्या, सुटल्या." त्यांना खरोखर वाटत होतं की बाईंचं नशीब उघडलं. पोडावर बातमी गेली तेव्हा बायका शाळेसमोर येऊन बसल्या. गुलाबरावही आले, म्हणाले, "आपण मोर्चा नेऊ. मही गाडी हाये."

मॅडम ओसरीवर उभ्या राहिल्या. "मले वाचवाले मोर्चा नको. पण नवीन कोणी आला अन् म्हणला का तुमच्या लेकराले गणित जमत नाही, तर त्याले खुर्ची द्या अन् विचारा, कोणतं?" एवढं बोलून त्या आत गेल्या आणि त्यांनी चौथीला शेवटचा तास घेतला. वेळ संपल्यावरही घेतला. गोणी सोबत नेली नाही. मी नेऊन देतो म्हटलं तर म्हणाल्या, "गॅरेजात लोखंड संपते का कधी?"

मी अजून त्याच पोडावर आहे. लक्ष्मी पुढे आश्रमशाळेत गेली, आता नववीत आहे, सुट्टीत येते तेव्हा तिसरीच्या पोरांना शिकवते आणि त्यांचं बोलणं कोणी तोडलं तर खवळते. सोमा इथेच बारा गावं फिरत असतो, मोटारी दुरुस्त करायचं शिकायचं म्हणतो. आणि मी लाल पेन वापरायचं सोडलं.

मागच्या महिन्यात प्रशिक्षणासाठी यवतमाळला गेलो होतो. परतताना मुद्दाम लोहाऱ्याला उतरलो. शाळा सापडायला वेळ लागला नाही, कारण शाळेसमोर ट्रकांची रांग अडली होती आणि भोंगे वाजत होते.

रांगेच्या पुढे कापसाच्या गाठी लादलेला एक मोठा ट्रक उभा होता. त्याच्या मागच्या चाकाभोवती मुलं उकिडवी बसली होती. कारखान्यांत काम करणाऱ्यांची मुलं, काही बिहारची, काही तेलंगणातली, काही इथलीच. एका मुलीने चाकाभोवती दोरी गुंडाळली होती, दुसरा ती सरळ करून जमिनीवर धरत होता. तिसरी चाकावर खडूने खूण करत होती. चाकाच्या एका फेरीत ट्रक किती पुढे जातो, ते त्यांना पाहायचं होतं. चालकाला खाली उतरवून मुलांनीच समजावलं होतं, तो आता केबिनमध्ये बसून हसत होता. मागचे मात्र हसत नव्हते.

रस्त्याच्या मधोमध शमीम मॅडम उभ्या होत्या. केस पांढरे झालेले, ओढणी कमरेला खोचलेली. मागच्या ट्रकचा चालक खिडकीतून डोकं काढून ओरडत होता, "बाई, रस्ता मोकळा करा. टाइम नाही आम्हाला."

मॅडमनी त्याच्याकडे पाठ न फिरवता एक हात उंच धरला, रहदारीचा पोलीस धरतो तसा, आणि दुसऱ्या हाताने पुढच्या चालकाला खूण केली. ट्रक हळूच हलला. खडूची खूण वर गेली, पलीकडे उतरली, पुन्हा खाली येऊ लागली. सगळी मुलं जमिनीला गाल टेकवून पाहत होती.

मागचा भोंगा पुन्हा वाजला.

"वाजव किती वाजवाचं ते," शमीम मॅडम म्हणाल्या. "फेरी पुरी झाल्याबिगर कोणी हलणार नाही."

मी हाक मारली नाही. ट्रक अजून हळूहळू पुढे सरकत होता.